शेजारच्या टेबलावरची रेघ

अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत छापलेली रेघ कशी दिसावी हे कळणारा एकच माणूस आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो दहा वर्षं पोंभुर्ण्याच्या आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. प्रिंटर एकच, टोनर तोच, कागदही तोच. तरी माझी अक्षरं दाढी वाढल्यासारखी निघायची आणि त्याची नुकतीच न्हाव्याकडून उठून आल्यासारखी. वयाने तो माझ्याहून बराच लहान. रोज सकाळी मऊ फडक्याने प्रिंटरचं पोट पुसायचा आणि तेव्हा साहेबांशीही बोलायचा नाही. मग टोनर वाचवायचं सेटिंग बंद करायचा, कारण त्यानेच रेघा फिक्या पडतात. ते सेटिंग रोज संध्याकाळी कोणीतरी पुन्हा चालू करून ठेवायचं. कोणीतरी म्हणजे मी. एकदा तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, रोज रोज बोट नाई दुखत का तुमचं?"

छापलेला प्रत्येक कागद तो खिडकीशी नेऊन घड्याळजीच्या भिंगातून बघायचा. जंगलातल्या एका गावच्या बाई जमिनीच्या दाव्याचा नकाशा परत घेऊन आल्या. मी छापलेल्या नकाशात त्यांचा नालाच दिसत नव्हता, म्हणून दावा वरून परत आला होता. याने पुन्हा छापून दिला. बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाच आमचा नाला. याच्या अलीकडं माझं वावर." आजवर माझ्या कागदावरून कोणी बोट फिरवलं नव्हतं. माझा जळफळाट झाला. मी दाखवलेल्या कागदाकडे मात्र तो बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, "चालते, भाऊ." दहा वर्षांत एकदा तरी त्याच्या तोंडून 'झकास' ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

पावसाळ्यात तो कागद झाकणाच्या डब्यात ठेवायचा. "कागद पाणी पेते, भाऊ. मंग अक्षर पसरते," असं त्यानेच सांगितलं. मीही घरून डबा आणला. त्यात आधी मोहफुलं होती, हे बायकोने सांगितलं नाही. माझं टिपण नाकाशी नेऊन साहेब म्हणाले, "काहो भाऊ, सकाळी सकाळीच?" मी चहासुद्धा फिका पिणारा माणूस! हा शेजारी मान खाली घालून हसत होता.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याची भामरागडला बदली झाली. मी कचेरीत सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. आता नकाशे मीच छापतो. परवा एक असा निघाला की मी स्वतःच तो घेऊन खिडकीशी उभा राहिलो. एकेक रेघ सुईने ओढल्यासारखी. साहेबांनी न बघताच सही केली. बाकीचे म्हणाले, छान आहे. त्यांना काय डोंबल कळतंय! शेवटी त्यालाच फोटो पाठवला. लगेच फोन आला, "फोटोत रेघ नाई समजत. कागद पाठवा."

दुसरी प्रत एसटीने पाठवली. ती आलापल्लीपर्यंत गेली आणि पुढे पुराने रस्ता बंद झाला. आता कचेरी सुटली की मी रोज स्टँडवर जाऊन विचारतो, भामरागडची गाडी सुटली काय. काल कंडक्टर म्हणाला, "भाऊ, घरचं कोणी अडकलं का तिकडं?"

मी हो म्हणालो.