अण्णांची बासरी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मल्लेश्वरमच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला साउंड कार्ड बसवलं आणि दोन छोटे स्पीकर जोडले. ते वडिलांसाठी होतं. अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्मभर पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर काम करून नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना बासरीचं वेड होतं.

बासरीची पहिलीच सीडी ऐकून ते म्हणाले, “वरचे सूर दबल्यासारखे येतात रे. स्वल्प नीट कर.”

मी कार्ड बदललं. मग मोठे स्पीकर आणले, अॅम्प्लिफायर जोडला. दर वेळी अण्णा उत्सुकतेने समोर बसायचे आणि थोड्या वेळाने मान हलवायचे. “अजून तसंच आहे.”

एका रविवारी अक्का माहेरी आली ती कानांवर हात ठेवूनच. “केवढ्याने लावलंय! कोपऱ्यावर ऐकू येतंय.”

“केवढ्याने?” अण्णांनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, की मशीनच्या आवाजाने वरचे सूर ऐकण्याची शक्ती गेली आहे आणि ती परत येणार नाही.

त्यानंतर मी घरात सीडी लावेनासा झालो. एका संध्याकाळी अण्णाच येऊन म्हणाले, “बंद का ठेवलंस? लाव ना.”

मी लावली. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले.

“तुला सगळं येतंय ना ऐकू?”

“हो, अण्णा.”

“सरी, ठीक आहे. मग असू दे चालू.”

माझे डोळे भरून आले, पण मी ती सीडी शेवटपर्यंत ऐकली.