पणदऱ्याच्या दोन खोल्या

भवानीनगरच्या क्वार्टरमध्ये विनयाच्या घरी तिघांच्या तीन करमणुकी होत्या. नवऱ्याला, नारायणला, टीव्हीवरची गाण्यांची स्पर्धा लागायची, आणि ती नसेल तेव्हा मोबाईलवर बैलगाडा शर्यतीचं लाइव्ह. लेक ओवी कानात हेडफोन घालून हिंदीत डब केलेली कोरियन मालिका बघायची. विनयाचा एक विनोदी कार्यक्रम ठरलेला होता. पूर्वी त्यात तिला ठसका लागेपर्यंत हसू यायचं. आता ती तो कपड्यांच्या घड्या घालत बघायची आणि संपला की रिमोट नारायणच्या उशाशी ठेवून उठायची.

नारायण साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. गळा गोड. क्वार्टरच्या गणपतीत त्याचं गाणं झाल्याशिवाय माणसं उठायची नाहीत. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. एक 'हं' तेवढा उरला. टीव्हीचा आवाज कमी केला की तो डाव्या हातानं कॉट बडवायचा.

नोकरी सुटली म्हणजे क्वार्टरही सोडायचीच होती. कारखान्यानं मुदत वाढवून दिली होती, पण ती कधीतरी संपणारच. विनया बारामतीत एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, ओवीचं कॉलेजही तिथंच. तेव्हा मायलेकी रविवार आला की स्कूटीवर बसून बारामतीत घरं बघत फिरू लागल्या.

तळमजला मिळेना. मिळाला तर दार इतकं अरुंद, की व्हीलचेअर आत जायची नाही. एका कॉलनीत मात्र सगळं जमून आलं. घरमालक आप्पासाहेब रिटायर्ड होते. त्यांनी बसवून चहा दिला.

"घरात कोण कोण?"

"मी, ही मुलगी आणि मिस्टर."

"मिस्टर काय करतात?"

"घरीच असतात."

ओवीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "आजारी आहेत का?"

विनयानं सांगितलं. त्यांनी वर छताकडं बघितलं. मग म्हणाले, "तसं काही नाही हो. पण वरती नातवाचा अभ्यास चालतो. आणि उद्या काही कमीजास्त झालं तर... तुम्ही दुसरीकडं बघा."

बाहेर आल्यावर ओवी चिडली. "आई, तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?"

राग यायला हवा होता, हे विनयाला कळत होतं. पण परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, गॅस बंद केलाय की नाही.

पुढच्या रविवारी निमगाव केतकीला एक घर बघितलं. चार खोल्या, पुढं मोठं अंगण. पण तिथून रोज बारामती गाठायची आणि मागं नारायणला दिवसभर कुणी बघायचं? भवानीनगरला निदान शेजारीण डोकावून जायची. तेही राहिलं.

शाळेतला शिपाई जोतीराम बारामतीजवळच्या पणदऱ्याचा. एकदा तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गल्लीत रंगूबाईच्या दोन खोल्या रिकाम्या हायत. पण ती कुणालाच देत न्हाय. बघा इचारून."

मायलेकी गेल्या तेव्हा रंगूबाई गोठ्यापुढं दुधाच्या किटल्या घासत होती. विनयानं काही लपवलं नाही. ते तिनं ठरवलं होतं असं नाही. लपवायला लागणारं त्राणच उरलं नव्हतं.

"मावशी, आधीच सांगते. माझे मिस्टर अंथरुणावर आहेत. बोलत नाहीत. दिवसभर टीव्ही लागतो, तोही मोठ्यानं. कमी केला तर कॉट बडवतात. कधी दारात अ‍ॅम्ब्युलन्सही येईल. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही जातो."

रंगूबाईचा मुलगा युवराज वैरण घेऊन चालला होता. तो थांबला. "आई, आपण नंतर कळवू त्यास्नी."

"तू वैरण टाक जा," रंगूबाई म्हणाली आणि कंबरेची किल्ली काढत उठली.

दार रुंद होतं. उंबरा काढून तिथं सिमेंटचा उतार केला होता. बाथरूममध्ये भिंतीला एक लोखंडी दांडी बसवलेली होती. मधोमध तिचा रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं.

"ही कुणासाठी?" विनयानं विचारलं.

"आमच्या मालकांसाठी. सर्जेराव. लय वरसं पडून हुते हितंच. दोन साल झालं, गेले." रंगूबाई दाराशी टेकली. "बघाय येणारा परत्येक माणूस पयलं हेच म्हनतो, ही दांडी काढा. मी म्हनते, मग ऱ्हाऊ द्या खोल्या रिकाम्या. तुमी काढायला लावनार का?"

"नाही."

"मग कवा येताय?"

विनयानं दांडीवर हात ठेवला. लय वरसं, हे शब्द तिच्यापर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विनयाच्या डोळ्यांत काही आलं नाही.

"पाणी कधी सुटतं?" तिनं विचारलं.

महिनाअखेरीस टेम्पो पणदऱ्याला आला. युवराज आधी लांबच उभा होता. मग ड्रायव्हरला एकट्याला जमेना, तसं पुढं होऊन त्यानंच नारायणला उचलून कॉटवर ठेवलं आणि टीव्हीची वायर जोडून दिली.

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर रंगूबाई आली आणि नारायणच्या कॉटपाशी फरशीवर बसली. गाण्यांची स्पर्धा लागली होती, आवाज गल्लीभर. "ह्या पोरीला काढत्यात का काय आज?" तिनं नारायणला विचारलं, जसं कुणा बोलत्या माणसाला विचारावं. तो "हं" म्हणाला. "मला बी तसंच वाटतंय," ती म्हणाली.

स्वयंपाकाच्या खोलीत विनया बोचकी सोडत होती. ओवी जवळ येऊन बसली. "आई, आता बरं वाटतंय ना तुला?"

विनयानं खरंच आत शोधून बघितलं. "अजून काही वाटत नाही गं," ती म्हणाली. "वाटलं की सांगेन."

ओवीनं मान हलवली. बाहेरून रंगूबाईची हाक आली, दुधाला भांडं द्या म्हणून. विनया पोत्यात पातेलं शोधू लागली.