तिन्ही पाळ्यांचं अक्षर

सुरळीच्या वड्यांचं पीठ दोनच ताटांवर पसरून झालं होतं, तेवढ्यात विश्वंभरभावजी दवाखान्यातून परत आले. जिना चढून आले ते दारातच बसले. मी कढई तशीच टाकून पाणी घेऊन धावले. पीठ कढईतच घट्ट झालं.

"नाही म्हणाले, वहिनी," धाप जरा बसल्यावर ते म्हणाले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच निजामपुऱ्यात राहतात. बावीस वर्षं गोरव्याच्या एका कारखान्यात होते. कारखाना स्वतःची वीज स्वतःच कोळशावर करायचा. हातातल्या कार्डावर राखाडी चौकोन असत, त्यांच्याशी चिमणीच्या धुराचा रंग ताडायचा, बॉयलरघरातली धूळ मोजायची आणि आकडे रजिस्टरात भरायचे, हे भावजींचं काम. प्रदूषणाचे नियम कडक झाले, तपासणीला माणसं येऊ लागली, आणि आदल्या दिवशी साहेब भावजींना बोलावू लागले.

सासऱ्यांचे वडील संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून. घरात सगळ्यांचंच अक्षर चांगलं, भावजींचं तर छापल्यासारखं. म्हणून तिन्ही पाळ्यांची रजिस्टरं त्यांनीच नव्यानं उतरवायची, आणि उतरवताना आकडे नियमात बसवायचे. नाहीतर कारखान्याला टाळं लागेल, असं साहेब म्हणत. मी तरी काय वेगळी! तपासणी सुखरूप पार पडू दे म्हणून दत्ताला नारळ बोलले होते. पार पडली. पुढच्याच गुरुवारी फेडला.

दोन हजार एक साली कारखान्यात गॅस आला. धूर गेला. चांगलंच झालं, गोरव्यातल्या बायका गच्चीवर पापड वाळत घालू लागल्या. कोळशाकडची माणसं मात्र घरी बसली, भावजीही. खोकला थांबेना. फुफ्फुसांत कोळशाची धूळ आहे म्हणाले डॉक्टर. दुखणं कामामुळे झालं असं ठरलं, तर औषधपाणी जन्मभर कामगार विम्यातून. ते ठरवायलाच आज बोलावलं होतं.

"विम्याची डॉक्टरबाई चांगली होती हो. कारखान्यानं पाठवलेलं रजिस्टर माझ्यापुढे धरलं. 'आ अक्षर तमारा छे ने, काका?' हो, अक्षर माझंच, म्हटलं. मग म्हणते, यात तर रोज धूळ मर्यादेत आहे, छातीत कुठून आली?"

सोबतीला हरणीहून प्रतापराव आले होते, त्यांचे जुने फोरमन. म्हणाले, "एवढं सुरेख अक्षर काढायला कुणी सांगितलं होतं रे? माझ्यासारखं गिचमिड लिहिलं असतंस, तर निदान कुणाला वाचता तरी आलं नसतं!"

भावजी हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. मग म्हणाले, "प्रतापराव, त्या रजिस्टरात एका दिवसात सकाळी माझं अक्षर, दुपारी माझं, रात्रीही माझंच. एक माणूस तीन पाळ्या कशा करेल? मी खोटं लिहिलं, असं लिहून देतो."

"वेडा आहेस का?" आमचे हे खेकसले. "गुन्हा तुझ्याच गळ्यात पडेल. साहेब केव्हाच अमेरिकेला गेले."

प्रतापराव खाली बघत म्हणाले, "प्रत्येक पानाखाली सही माझी आहे, विश्वंभर."

"मी माझ्यापुरतं लिहीन."

प्रतापरावांनी चपला घातल्या. चहालासुद्धा थांबले नाहीत. तीस वर्षांची ओळख, पण जिना उतरताना वळूनही पाहिलं नाही.

"मी काही बरा होत नाही, वहिनी," भावजी म्हणाले. "पण त्या बॉयलरघरातले अजून नऊजण खोकताहेत. त्यांच्यापुढेही हेच रजिस्टर धरतील."

हे पेपर उघडून बसले, पान मात्र उलटलं नाही.

भावजींना पुन्हा जिना उतरवत नाही. उद्या अकरा वाजता मला न्यायमंदिरातल्या कोर्टात त्यांच्या लेखी जबाबासाठी स्टॅम्पपेपर आणायला जायचं आहे.