ठाण्यात मुक्काम आणि एकाच दिवशी दोन उपास

"ठाण्याला राहायला? का हो, कोण ॲडमिट आहे?"

बॅग घेऊन लिफ्टमधून उतरताना शेजारणीने विचारलेला हा प्रश्न. तिचं चुकलं नाही. डोंबिवलीच्या माणसाने ठाण्यात मुक्काम करायचा म्हणजे एक तर हॉस्पिटल, नाहीतर लग्न. आम्ही काश्मीर केलं, केरळ केलं, बालीला जाऊन फोटो काढून आलो. सगळीकडे पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर आणि धावत-पळत नाश्ता. नोकरीच्या इतक्या वर्षांत ठाणं मात्र फक्त जाता-येता खिडकीतून पाहिलं. म्हटलं, आता रिटायर झालोय, दोन रात्री तिथेच राहू. घाई नाही, यादी नाही, भूक लागली की खायचं.

हे झालं शेजारणीला सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. आमच्या निनादला ठाण्याच्या रेशेलशी लग्न करायचंय. रेशेल ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मातीतली, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेल्या शेतकरी घरातली. दिवाळीत निनादने आम्हाला सांगितलं. मला आठ दिवस लागले, पण मुलीला भेटले आणि विरघळले. विद्याधर (माझा नवरा, तोंडावर 'अहो', पाठीमागे विद्याधर) हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. विषय निघाला की पेपरचं पान उलटायचं. निनाद बंगळुरूहून दर रविवारी एकच विचारायचा, "बाबा काही बोलले?" पोराचा आवाज दर वेळी थोडा उतरलेला असायचा आणि मला रडू यायचं. शेवटी रेशेलच्या आईनेच शुक्रवारी जेवायला बोलावलं. मी ठरवलं, दोन दिवस आधीच जायचं. पोट भरलेलं असलं की हा माणूस जरा मऊ पडतो, हा माझा अनुभव आहे.

बुधवारी सकाळी माणकोलीच्या नव्या पुलावरून कॅबने निघालो. खाली खाडी, वर मोकळं आभाळ, आणि चहाचा घोट घशाखाली उतरतोय तोवर ठाण्यातलं माजिवडा. कॅबचे साडेचारशे झाले. दुपारच्या आत निघालात तर पुलावर गर्दी लागत नाही.

तलावपाळीजवळच्या लॉजवर मात्र आमची वरात अडली. मॅनेजरने आधार कार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. "सॉरी काका, लोकल आयडी अलाउड नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डोंबिवली, कल्याण, ठाणे... कपलला रूम देत नाही आम्ही."

विद्याधरचे कानच लाल झाले. "अहो, लग्नाला पस्तीस वर्षं झालीत आमच्या!"

"सगळे असंच बोलतात काका."

मी हसून हसून काउंटरवर डोकं टेकलं. या वयात आपल्यावर कोणी एवढा संशय घ्यावा, ह्यासारखा सन्मान नाही! तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून हे विचारून घ्या. पुढच्या गल्लीत एका स्वच्छ, साध्या लॉजवर खोली मिळाली. खिडकीतून तळ्याचा एक कोपरा दिसत होता.

मग आम्ही खरंच काही केलं नाही. संध्याकाळी तळ्याभोवती रमतगमत दोन फेऱ्या, एक कुल्फी दोघांत, मग मन भरलं नाही म्हणून दुसरी. धुळवड नुकतीच झालेली, फुटपाथवर अजून गुलाबी डाग होते. गुरुवारी सकाळी मिसळ. ठाण्याची मिसळ खाताना दुसऱ्या घासाला नाक वाहतं आणि तिसऱ्याला "अजून तर्री" असं आपणच ओरडतो. दोघांचं मिळून दोनशेच्या आसपास, ताकासकट. नंतर कौपिनेश्वराचं दर्शन, थंडगार फरशीवर अर्धा तास नुसती बैठक, दुपारी खोलीवर ताणून दिली. उन्हं उतरल्यावर उपवन तलावाच्या कट्ट्यावर लिंबू-तिखट चोळलेलं कणीस. विद्याधर चक्क शीळ घालत होता. मी मनात म्हटलं, मऊ पडतोय गडी.

परतताना जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये शिरलो. एक बाई दूर्वांच्या जुड्या आणि जास्वंदी मांडून बसली होती. "घ्या ताई, उद्या संकष्टी."

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे कॅलेंडर पाहिल्याशिवाय पापडसुद्धा घालत नाहीत, आणि मी बाईने होणाऱ्या व्याह्यांकडे जेवायची तारीख ठरवताना तिथी पाहिली नव्हती! विद्याधरची संकष्टी लहानपणापासून कधी चुकलेली नाही. चंद्रोदयापर्यंत अन्नाचा कण नाही, चालतात फक्त उपासाचे पदार्थ.

त्याने शांतपणे दूर्वांची जुडी घेतली आणि म्हणाला, "बरं झालं. जेवायचा प्रश्नच मिटला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने पेपरच्या आड लपला, आता देवाच्या आड लपणार! फोन करून तारीख बदलावी, तर रेशेलने रजा टाकलेली आणि तिच्या आईने पीठ भिजवून ठेवलेलं. रात्री मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यालाही कळलं असावं, कारण शीळ बंद झाली.

शुक्रवारी लॉज सोडून रिक्षाने कोलशेतकडे निघालो. चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर, आणि त्यांच्या पायाशी अजून टिकून राहिलेलं गावठाण. कौलारू घर, अंगणात झेंडूची माळ घातलेला क्रूस, मागे केळी. रेशेलची आई फिलोमिना दारातच उभी होती. "या गो, आत या. उनाचे आयलाव."

टेबल पाहून माझे डोळे भरले. भात, वरण, त्यांच्या बाटली मसाल्यातली (वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरतात तो) वाटाण्याची रस्सा भाजी, आणि टोपलीभर फुगे. फुगे म्हणजे नारळाच्या दुधात भिजवून, आंबवून तळलेले गोल पाव, यांच्या लग्नाकार्यातला मानाचा पदार्थ. "अंडा नाय घातला हां," ती घाईघाईने म्हणाली. "तुमच्यासाठी. म्हनून जरा बसलेत."

विद्याधर ताठ बसून म्हणाला, "माझा उपास आहे. मी फक्त पाणी घेईन."

रेशेलचा हात वाढता वाढता थांबला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एवढ्यात फिलोमिना खदखदून हसायला लागली.

"देवा रे! आमचा पन उपासच हाय! लेंटचा शुक्रवार. ईस्टरच्या आदी चाळीस दिस चालतात आमचे उपास, न शुक्रवारी मटन बिलकूल नाय. मी रातभर जागी, पावनी पयल्यांदा येतात न घरात मटन नाय, काय म्हनतील! रेशेल बोलली, मम्मी, ते मटन खातच नाय!"

विद्याधरने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे तुम्ही मासेही खात नाही?"

"मासे चालते."

"मासे चालतात? आणि याला उपास म्हणता?"

"तुमचे उपासाला काय चालते?"

"साबुदाण्याची खिचडी. बटाट्याचा कीस. वरी, दाण्याची आमटी. वडे. रताळ्याचा..." तो स्वतःच थांबला.

"न ह्याला उपास म्हनता?" फिलोमिनाने कमरेवर हात ठेवले.

एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय! विद्याधर हसला. दिवाळीनंतर मी त्याला असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं.

पुढचा तासभर पंगत स्वयंपाकघरातच. रताळी होती, गूळ होता, परसातला नारळ होता. "खवणी द्या, नारळ मी खवतो," म्हणत विद्याधर पाटावर बसला. दर संकष्टीला मोदकांचा नारळ तोच खवतो, हे मी सांगितल्यावर फिलोमिना रेशेलला म्हणाली, "बग गो, असा सासरा!" त्यानंतर त्याने नारळ फार बारीक खवला. नारळाच्या दुधात शिजवलेली ती रताळी त्याने दोनदा मागून घेतली. मला उपास नव्हता. मी आणि रेशेलने फुग्यांवर आडवा हात मारला. आत जाळीदार, किंचित गोडसर, भाजीच्या तिखट रश्श्यात बुडवून खायचे. बसले होते म्हणे! मी सहा खाल्ले.

फिलोमिना मात्र ताट घेऊन बसेना.

"तुम्ही घ्या ना," विद्याधर म्हणाला.

"पावना उपाशी न मी जेवू? आज माझा पन एकच वेळचा जेवान. चंद्र निघला का जेवन."

"अहो, नऊ वाजून जातील."

"जाऊ दे. चाळीस दिस काडायचे, त्यान एक सांज काय जड?"

निघताना फिलोमिनाने फुग्यांचा डबा विद्याधरच्या हातात दिला, तो कॅबमध्ये त्याने मांडीवरच धरून ठेवला. पुलावर मी विचारलं, "काय विचार चाललाय?" तर म्हणाला, "त्या बाई उपाशी आहेत."

घरी पोचल्यावर मी मोदक उकडायला ठेवले. ठाण्यातून काय आणलं म्हणाल तर डबाभर फुगे आणि दोन दुपारच्या गाढ झोपा. बालीहून आलो तेव्हा सूटकेस भरलेली होती आणि आठवडाभर थकवा जात नव्हता. तुम्हीही जा, शेजारच्या गावी, पंधरा मिनिटांवरच्या. फक्त जाताना तिथी पाहून जा. नाहीतर नका पाहू, असंच म्हणते मी आता.

साडेनऊच्या सुमाराला गच्चीत चंद्र दिसला. विद्याधरने अर्घ्य दिलं, नमस्कार केला, आणि जेवायला खाली न येता माझ्याकडे फोन मागितला. नंबर त्यानेच शोधला, त्यानेच लावला.

"हॅलो, विद्याधर बोलतोय. चंद्र निघाला. आता जेवून घ्या, विहीणबाई."

मी कठड्याला घट्ट धरून उभी राहिले. पलीकडून फिलोमिनाची आरोळी अख्ख्या गच्चीला ऐकू गेली, "रेशेल! ताट वाड गो, ताट वाड!"