धारवाल्याच्या मुलाचा विकतचा चाकू

गवळ्याच्या घरात पिशवीचं दूध यावं, तसा आमच्या घरात तो चाकू आला.

माझे वडील तासगावात धार लावतात. विळे, कोयते, खुरपी, द्राक्षबागांतल्या छाटणीच्या कात्र्या, तालुक्यातलं निम्मं लोखंड त्यांच्या चाकावरून जातं. फावल्या वेळात ते स्वतः पातीही घडवतात. अब्बांच्या हातची सुरी वापरलेली बाई लेकीच्या संसारासाठी पुन्हा त्यांच्याकडेच सुरी घ्यायला येते. आणि अशा माणसाच्या मुलानं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, साताऱ्यातल्या सरकारी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवरून चाकू मागवला. तो मुलगा मीच.

चाकू मिटणारा, खिशात मावणारा होता. मुठीच्या एका बाजूला युरोपातला मध्ययुगीन सरदार, डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी चिलखतात, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खाचा. दुसऱ्या बाजूला त्याचा किल्ला. पातं उघडलं की दोन्हीकडून छोटे दांडे बाहेर यायचे आणि चाकूची इवलीशी तलवार व्हायची. पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. सोबत मखमली डबी आणि हा नग संग्राहकांसाठी मोजकाच बनवला आहे असं सांगणारा जाड कागद. जाहिरातीत लिहिलं होतं की हा चाकू रोज खिशात बाळगणाऱ्या पुरुषाला सरदाराचं धैर्य लाभतं. माझ्या खिशात तोवर एसटीचा पास, चष्मा पुसायचं फडकं आणि पित्ताच्या गोळ्या असायच्या. धैर्याला जागा होती.

डबी बघून बायको म्हणाली, "आपल्या घरात काय सुऱ्यांचा दुष्काळ पडलाय? ओट्यावर अब्बांनी दिलेल्या चार आहेत."

"त्या ओट्यावरच्या. ही खिशातली."

"खिशात काय कापायचंय तुम्हाला?"

मी डबी कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर मला आयुष्यात एकदा तरी स्वतःचं पातं हवं होतं. चौदाव्या वर्षी अब्बांनी मला चाकावर बसवलं आणि मी एका शेतकऱ्याचा चांगला कोयता चाकावर नको इतका दाबून धरला आणि त्याची धार पार जाळून टाकली. अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी मला उठवलं, हात धुवायला सांगितलं आणि म्हणाले, "जा, अभ्यास कर." त्यानंतर त्यांनी मला कधी चाकाजवळ बोलावलं नाही. मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, साताऱ्याला नोकरी लागली. लोक म्हणाले, पोरानं नाव काढलं. मला मात्र वाटत राहिलं की मला तिथून हाकललं, आणि हाकललं ते योग्यच होतं.

तेव्हा हे अब्बांना कळता कामा नये, एवढं मी पक्कं ठरवलं. त्यांच्या रागाला मी भीत नव्हतो. ज्या माणसाकडं लोक लांबलांबून पातं घ्यायला येतात, त्याच्या एकुलत्या एका मुलानं परक्याचं पातं विकत घेतलं, हे त्यांच्या मनाला लागेल आणि ते बोलणार नाहीत, ह्याची मला भीती होती.

दुसरी अडचण अशी की चाकू बोथट होता. कचेरीत एकाच्या वाढदिवसाला मी तो ऐटीत बाहेर काढला. दोन्ही दांडे बाहेर आले, सगळे "वा वा" म्हणाले आणि मी केक कापायला गेलो. केक कापला गेला नाही, खचला. सरदाराच्या खाचांमध्ये मलई भरली. शिपाई शेजारी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, चमचा आणू का?" पुढे पेरूवर प्रयोग केला. पेरू दबला, घरंगळला आणि फायलींच्या कपाटाखाली गेला.

साताऱ्यात धार लावून घ्यावी म्हटलं, तर ह्या धंद्यातला साताऱ्यापासून तासगावपर्यंतचा एकूण एक माणूस अब्बांना ओळखतो. मी चाकू घेऊन कुणाच्या दुकानात पाऊल टाकलं असतं, तर माझी एसटी कऱ्हाड ओलांडायच्या आत बातमी घरी पोचली असती. मग मी घरीच कपबशीतला कप पालथा घालून त्याच्या बुडावर पातं घासलं. दोन कप फुटले. तिसरा बायकोनं हातातून काढून घेतला आणि त्यातून चहा प्यायला सुरुवात केली.

तशात दसरा आला. खंडेनवमीआधीचे दोन दिवस अब्बांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरोघरी हत्यारं पुजतात आणि बोथट हत्यार पूजेला मांडायला कुणालाच आवडत नाही. त्यातच द्राक्षाची छाटणी तोंडावर, त्यामुळं कात्र्यांचे ढीग. मी दरवर्षी रजा काढून जातो. माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. कुणाचा विळा, कुठल्या गावचा, ते कागदावर लिहून सुतळीनं मुठीला बांधायचं. शिकल्यासवरल्याचा दुकानाला होणारा उपयोग तेवढाच.

आमच्या दुकानात आजोबांपासूनचे दोन रिवाज आहेत. पातं हातातून हातात द्यायचं नाही. अब्बा ते पुढ्यातल्या पोत्यावर ठेवतात आणि मालकानं वाकून उचलायचं. आणि खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पोत्यावर जे बिनमालकाचं उरेल, ते दुकानाचं. दुसऱ्या दिवशी चाक बंद असतं, शेजारचा फुलवाला चाकाला झेंडूची माळ घालून जातो, आणि त्या उरलेल्या पात्यालाही एक फूल मिळतं.

चाकू मी साताऱ्याला ठेवून यायला हवा होता. पण धैर्याची सवय लागली होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कात्र्यांचं गाठोडं उचलायला मी वाकलो आणि सरदार खिशातून निसटून थेट ढिगात गेला. मी शोधायला हात घालणार, तेवढ्यात अब्बांनी ढीग आपल्याकडे ओढला. मी खिसा चाचपत उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

"हे कुणाचं रं?"

दुकानात पाचसहा बागायतदार बसले होते. सगळे पुढं सरकले. मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं ते असं, "बघतो. चिठ्ठी पडली असेल."

"मग दुसरी लिव."

मी कागद घेतला आणि लिहिलं, "मालक येईल." माझ्या सबंध सरकारी नोकरीत इतकं पोकळ टिपण मी कधी लिहिलं नव्हतं.

अब्बांनी चाकू उघडला. दांडे बाहेर आले. एक म्हातारा बागायतदार म्हणाला, "आवं चाचा, ह्यो कोण म्हनायचा? तोंड का झाकलंय गड्यानं?"

"औषध फवारत असंल," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. अब्बा हसले नाहीत. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, चष्मा वर केला, पुन्हा फिरवला. "ह्याला अजून धार कशी असती ते ठावंच न्हाई," ते म्हणाले. "आन ह्या कडंला काय घासलंय? कपबशीवर घासल्यावानी ओरखडं हायत." ते ओरखडे कपाचेच होते. मी घाईनं पुढच्या कात्रीची चिठ्ठी लिहायला घेतली.

"मालक आला की मला सांग. त्याच्याशी दोन शब्द बोलायचं हायत."

बोथट पातं दुकानातून बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. चाक फिरू लागलं. आधी लाटांच्या रेघा गेल्या. त्या नुसत्याच वरून उमटवलेल्या होत्या, पोलादात त्यातलं काही नव्हतं. मग एक दांडा सुटून पाण्याच्या डब्यात पडला. अब्बांच्या ओल्या अंगठ्याखाली सरदाराचा सोनेरी मुलामा सुटू लागला.

"चाचा, त्याचा टोप गेला," म्हातारा म्हणाला.

"जाऊ दे. ऊन न्हाई हितं."

मी कोपऱ्यात बसून माझं धैर्य पापुद्र्यापापुद्र्यानं उतरताना बघत होतो. वाईट वाटत होतं, हे कबूल करतो. पण अब्बांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते वाटणं बाजूला राहिलं. ते पातं कानाजवळ नेऊन नखानं वाजवत होते. गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि अब्बा त्या टिनपाट चाकूवर रमले होते. शेवटी त्यांनी मनगटावरचा केस कापून बघितला. केस गेला. "पोलाद वंगाळ न्हाई," ते म्हणाले. "कापडं तेवढी सोंगाची हुती." आणि त्यांनी चाकू पोत्यावर ठेवला.

दिवसभर माणसं येत राहिली, वाकत राहिली, आपापलं उचलून नेत राहिली. दर खेपेला मला वाटायचं, आता उचलावा. दर खेपेला कुणीतरी आत यायचं आणि मी चिठ्ठी शोधायचं नाटक करायचो. दुपारनंतर ढीग खाली गेला. दिवे लागायच्या वेळेला शेवटची कात्री गेली आणि पोत्यावर तो एकटा राहिला. नुसतं लोखंडाचं अंग, टोप नाही, एकच दांडा.

अब्बांनी चाकाचा पट्टा उतरवला. हात धुतले, पुसले. मग पोत्यासमोर बसून राहिले. दुकान आवरायची त्यांना घाई नव्हती.

"न्हाई आला मालक," ते म्हणाले.

"येईल," मी म्हणालो.

"कवा? आता आमी दुकान बंद करनार. उद्यापास्नं ते दुकानाचं."

असाच राहू द्यावा, असं क्षणभर वाटलं. त्याला फूल मिळालं असतं, मी सुटलो असतो आणि कुणाला काही कळलं नसतं. पण तो आता कापत होता, आणि ती धार अब्बांच्या हातची होती. मला तो हवा होता. मी वाकलो आणि पोत्यावरून चाकू उचलला.

 मी म्हणालो, "अब्बा, माझा आहे. चूक झाली. तुम्ही असताना मी बाहेरून आणायला नको होता."

"सकाळीच कळलं मला. खिसा चाचपतुयास, आन कवा न्हाई ते चिठ्ठीवर मालक येईल म्हनून लिवतुयास."

"मग सकाळीच का बोलला नाहीत?"

"लोकांच्या म्होरं?" ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "आवडलं म्हनून घेतलंस, त्याचं मला काय न्हाई. पर मला एक सांग. आक्ख्या तालुक्याला मी पाती करून दिली. तू एकदाबी मागितलं न्हाईस. मला वाटलं, सायेब झालास, आता तुला ह्या कामाची लाज वाटती. म्हनून मीबी कवा इचारलं न्हाई."

 बत्तीस वर्षं मला वाटत होतं की त्यांना मी नको होतो. आणि त्यांना वाटत होतं की मला ते नको आहेत.

"लाज नाही वाटत," मी म्हणालो. "तुम्ही देणार नाही असं वाटायचं. मला करून द्याल का एक?"

"न्हाई," अब्बा म्हणाले.

मी मान खाली घातली.

"माझं हात थरथरत्यात आता. लहान पातं घडवाय जमत न्हाई," ते म्हणाले. "दसरा झाला की आठ दिस रजा काढ. मी शेजारी बसतो. तू कर."