आधीच फेडलेला नवस

कशेडी घाटाखालच्या वाडीत राहणारी तुळसा आपल्या दहावीतल्या लेकीपुढे अगदी टेकीला आली होती. दिशा घरी चुलीपुढे बसून गणिताची सूत्रं घडाघडा म्हणायची आणि सराव परीक्षेत कोरा पेपर देऊन यायची. शाळेला जायला पोलादपूरच्या एसटीत बसली की तिच्या पोटात मुरडा उठायचा. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही.

"दृष्ट लागलीय," म्हणत सासूबाई गावदेवी काळकाईला कोंबडा बोलल्या. मुंबईच्या किशोरभावजींनी फोनवरून देवळाला घंटा कबूल केली, वर दिशाला बजावलं, "टेन्शन नाय घ्यायचा गो, फक्त फर्स्ट क्लास काढायचा." तुळसा तर दोन्ही वेळा देवीपुढे दिवा लावणारी. ती कशी मागे राहील? पोरगी पास झाली की साडीचोळीनं ओटी भरीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही, असं बोलून बसली. खडा टोचला की दिशाकडे बघून सुस्कारा सोडायची.

परीक्षा तोंडावर आली तशी पोरीनं जेवण टाकलं. एका दुपारी ताटात तशीच राहिलेली भाकरी बघून तुळसाचा तोल गेला.

"तुझ्यासाठी मी अनवाणी हिंडतेय, आणि तुला दोन घास गिळवत नाय?"

"म्हणूनच गिळवत नाय," दिशा म्हणाली. "पेपर हातात आला की तुझे पाय दिसतात. मग आजीचा कोंबडा, काकाची घंटा. मी नापास झाले तर देवीचं सगळं माझ्यापायी राहणार. त्यात गणित कधी सोडवू?"

तुळसानं आदळआपट करत भांडी घासली. करायचं आपण आणि बोलही आपल्यालाच. पण हातपाय धुताना टाचेच्या भेगांवर नजर गेली, तशी ती तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ओटी घेऊन देवळात गेली.

"निकाल लागला काय?" महिपती गुरवानं विचारलं.

"परीक्षाच व्हायची हाय."

"मग ही कसली ओटी? असला उफराटा नवस माझ्या बापानंही नाय बघितला. गाऱ्हाणं काय घालू?"

"घाल, तुळसाचं काय मागणं नाय म्हणून."

येताना तिनं चपला घातल्या. रविवारी नवसाचा कोंबडाही देवीला देऊन शिजला, सासूबाई तोंड फिरवून जेवल्या. भावजींना तिनं कळवलं, "घंटा आत्ताच पाठवा, नायतर विसरा. आणि परीक्षा संपेस्तोवर फोन नको."

गणिताच्या दिवशी दिशा अर्धी भाकरी खाऊन गेली. संध्याकाळी दप्तर टाकत म्हणाली, "शेवटचं गणित राहिलं."

शेवटचंच कसं राहिलं, हे तुळसाच्या अगदी ओठांवर आलं. मग ध्यानात आलं, शेवटचं राहिलं म्हणजे आधीची झाली.

"हात धू," ती खेकसली. "भाकरी गार होतेय."