टेकडी चढायचा कंटाळा

मैत्रिणींनो, आज चर्चमधला शुक्रवारचा मिस्सा आटपून एका मैत्रिणीकडे गेले. बाईसाहेब मित्रमंडळींबरोबर इटलीच्या खेड्यात आराम करून आल्यात. ती जाताना मी एकच काम सांगितलं होतं, माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, तिथल्या चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्ती लाव. "नक्की," म्हणाली होती.

द्राक्षमळ्याचे, झोपाळ्याचे, चीजचे फोटो बघून झाल्यावर मी विचारलं, "आणि मेणबत्ती?"

"अगं बाय, चर्च टेकडीवर! कोण चढणार? रिलॅक्स व्हायला गेलो होतो ना! ही घे, तुला लॅव्हेंडरच्या वासाची आणलीय. बाथरूममध्ये लाव."

ती मी तिच्याच टेबलावर ठेवून आले. झोपाळ्यावर बसून दमणाऱ्यांनी कुणाला शब्द देऊ नये.

उद्या भावाचं ऑपरेशन आहे. आत्ताच वसईहून त्याचा फोन आला, "बाय, लावली ना गो तिने?"

काय सांगायचं त्याला?